मधल्याला काढून टाकू

मित्रांनो, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात तर एक गोल, खरखरीत डाग हाताला लागेल. तिथे कुंडी होती. कुंडीतले पाणी झिरपून माझ्या खोक्याचा पापुद्रा उठला, तो पुन्हा बसला नाही. मी एक जुना स्पीकर आहे. होम थिएटर म्हणून जो स्वस्तातला संच विकतात, त्यातला मधला. पुढे डावा आणि उजवा, मागे दोन लहान, जमिनीवर घुमणारा मोठा ठोकळा, आणि टीव्हीच्या बरोबर खाली आडवा मी. माझ्यावर काय बेतले ते तुम्हाला सांगणार आहे. ज्यांची चूक होती त्यांना मी त्यात सांभाळून घेणार नाही.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. तिथे बसलेल्या बायकांनी माझी तांब्याची तार गुंडाळली, कागदाचा शंकू डिंकाने चिकटवला, त्यामागे चुंबक बसवला. शेवटच्या माणसाने माझ्यातून एक शिट्टी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत वाजवली, मान वाकडी करून ऐकली आणि "पास" म्हणाला. इतके निर्मळ कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आले.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आवाज मोठा करून तारेतून पाठवणाऱ्या अॅम्प्लिफायरने ढकलले की आमचा शंकू हलतो, तसाच तो खोलीत कोणी बोलले तरी किंचित थरथरतो. म्हणून आम्ही जितके बोलतो तितकेच ऐकतोही. मात्र ऐकलेले कोणाला सांगता येत नाही. आमच्यातून बाहेर पडते ते फक्त तारेतून आत आलेले.

दुकानात मला एका अंधाऱ्या खोलीत मांडून ठेवले होते. गिऱ्हाईक आले की विक्रेता स्फोटांचा प्रसंग लावायचा. मोठा ठोकळा हादरायचा, गिऱ्हाइकाच्या शर्टाची बटणे थरथरायची आणि ते खूश व्हायचे. चित्रपटातले बोलणे जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरकडे येते, पण बोलणे ऐकायला दुकानात कोण येतो?

मग ती बाई आली. तिने अर्धे आयुष्य सूतगिरणीच्या खडखडाटात उभे राहून काढले होते आणि गिरणीने तिचे कान खाल्ले होते. डॉक्टरने तिला स्वच्छ सांगितले होते, "आवाज येत राहील मावशी. शब्द जातील. भांडं पडलेलं ऐकू येईल, माणूस काय बोलला ते कळणार नाही." घरी टीव्हीसमोर बसून ती दर वाक्याला "काय म्हणाला?" असे विचारायची, म्हणून तिचे दोन मुलगे तिला दुकानात घेऊन आले होते. तिसरी धाकटी मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. थोरला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, मधला सुतार. घरात त्याला सगळे 'मधला'च म्हणत.

हे दोघे भाऊ एका घरात राहत आणि एकमेकांशी बोलत नसत. जे काही बोलायचे ते आईच्या मार्फत. कारण विचाराल तर थोरला म्हणे, हा कोणाचे ऐकत नाही. मधला म्हणे, हा कोणाचे ऐकूनच घेत नाही.

"आई, त्याला सांग, ती स्पीकरची लांब पट्टी घेऊ," थोरला म्हणाला. "टीव्हीखाली ठेवली की झालं. तारांचं जंजाळ नको."

"आई, त्याला सांग, पट्टीने कापड मोजतात," मधला म्हणाला. त्याला दोनच स्पीकर हवे होते, पण जाड लाकडाचे. तो प्रत्येक खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करत फिरत होता. माझ्यावरही केली आणि तोंड वाकडे केले. "भुसा दाबून केलेलं आहे. पाणी लागलं की फुगेल." हे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले, हे मला मान्य करावे लागते.

विक्रेता एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून दमला. "मावशी, तुम्हीच बसा इथे. ऐकायचं तुम्हालाच आहे ना?"

त्याने नेहमीचे स्फोट लावले. आई शांतपणे बसून राहिली. "छान आहे," ती म्हणाली. "पण ती बाई त्याला काय म्हणाली?"

आजवर हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारला नव्हता. विक्रेत्याने रिमोट घेतला, बाकी सगळे तसेच ठेवले आणि फक्त माझा आवाज चढवला. "यात बोलणं तेवढं वेगळं वाढवता येतं," तो म्हणाला. "सेंटर आहे म्हणून." प्रसंग पुन्हा लागला.

"डबा विसरलास, म्हणते आहे," आई म्हणाली आणि हसली. "एवढी धूळधाण उडाली आहे आणि हिला डब्याची पडली आहे."

थोरल्याने पाकीट काढले. संच घरी आला.

जोडणीच्या दिवशी थोरला पुस्तिका वाचत होता आणि मधला तारांची टोके सोलत होता. अॅम्प्लिफायरबरोबर एक छोटा माइक येतो. तो ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, मग अॅम्प्लिफायर एकेका स्पीकरमधून शिट्ट्या वाजवून कोण जागेवर आहे, कोण नाही, कोण किती लांब आहे, याची मोजणी करतो. माइक आईच्या मांडीवर ठेवला होता. ऐन शिट्टीत तिला खोकला आला. मोजणी संपल्यावर पडद्यावर डावा स्पीकर शेजाऱ्याच्या घरात असल्याचे दिसू लागले.

"आई, त्याला सांग, पुन्हा करावं लागेल."

"त्यालाही दिसतंय ते, डोळे आहेत त्याला," आई म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने पदर तोंडात धरला आणि मोजणी नीट झाली. पाच स्पीकर, एक ठोकळा, सगळे हजर. अॅम्प्लिफायरने ते मनात नोंदवून ठेवले. हा माझा यजमान फार आज्ञाधारक आहे. एकदा सांगितले की पुन्हा सांगेपर्यंत तो तेच खरे मानतो.

त्यानंतरचे माझे दिवस चांगले गेले. मी एका बुटक्या स्टुलावर आडवा होतो, तोंड आईच्या खुर्चीकडे किंचित वर केलेले. दुपारी थोरला कचेरीत, त्याची बायको, म्हणजे या घरची सून, शाळेत शिकवायला, मधला त्याच्या कारखान्यात. आई एकटीच चित्रपट लावून बसायची. पात्रांशी भांडायची. "खोटं बोलतोय मेला," असे ठणकावून सांगायची. घरात चित्रपट बघणारी ती एकटीच. थोरला संध्याकाळी बातम्या लावी, सून आपल्या फोनवर काय ते बघे.

माझ्या वाईट दिवसांची सुरुवात प्रेमातून झाली. मधल्याने आईसाठी एक कपाट बनवून आणले. टीव्हीला जागा, प्लेअरला जागा, आणि माझ्यासाठी खाली एक खोल कप्पा, त्याला झडप. काम सुबक होते. सांध्यात नख शिरणार नाही असे. पण मला त्याने कप्प्याच्या तळाशी ढकलून बसवले, आणि माझा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येऊ लागला. आईला पुन्हा शब्द चुकू लागले. मुलाने बनवलेल्या कपाटाला नाव कसे ठेवायचे म्हणून ती बोलली नाही. थोरल्याच्या लक्षात आले, पण तो भावाशी बोलत नव्हता आणि हे आईच्या मार्फत सांगण्यासारखे नव्हते. कप्प्याच्या तोंडाशी मला चार बोटे पुढे ओढले असते तरी काम झाले असते. एवढे बोलायला या घरात कोणी नव्हते.

म्हणून थोरल्याने मेकॅनिकला बोलावले. आई शेजारी गेली होती. मेकॅनिकने झडप उघडून आत वाकून पाहिले.

"साहेब, मधला कोंडलाय. असा ठेवला तर त्याचा उपयोग काय?"

"मधल्याचा मला पहिल्यापासूनच वैताग आहे," थोरला म्हणाला. "दोघांत भागेल का?"

"भागेल की. कितीतरी घरांत दोघांवरच चालतं."

"मग काढूनच टाकू त्याला. जागा तरी मोकळी होईल. फक्त आईला इतक्यात सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

मित्रांनो, हे बोलणे माझ्याबद्दल होते. डावा आणि उजवा, या दोघांत भागवायचे होते. आईला वाईट वाटेल ते मुलाने केलेला कप्पा फुकट गेला म्हणून. पण त्याच वेळी बाहेरच्या बोळात पावले येऊन थांबली होती. मधला विसरलेली पटाशी न्यायला परत आला होता. तो मला नेहमी सेंटरच म्हणायचा, दुकानातल्या माणसासारखा. 'मधला' हे नाव त्याच्या लेखी जगात एकाच माणसाचे होते. पावले काही वेळ तिथेच थांबली, मग आली तशी परत गेली. पटाशी घरातच राहिली.

एका वाक्याचे काम होते. माझ्या पोटात ते वाक्य होते आणि बाहेर काढायला मला तोंड नव्हते.

मेकॅनिकने माझी तार उपटली, मला कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले आणि बातम्या लावून बघितल्या. बातम्यांना दोनच आवाज लागतात, डावा आणि उजवा. निवेदिका खणखणीत बोलली. "बघा, आला की नाही आवाज?" असे म्हणून तो पिशवी उचलून निघून गेला. मधला स्पीकर काढला आहे हे अॅम्प्लिफायरला सांगायचे असते. त्यासाठी पुन्हा शिट्ट्या वाजवाव्या लागतात. ते त्याने केले नाही. निव्वळ कंटाळा. या माणसाला मी अजून माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्याने आपली हत्यारे आणि अंथरूण गोळा केले. आईने विचारले, कुठे निघालास. "तुमची जागा मोकळी करतोय," तो म्हणाला. आईला 'जागा' एवढेच कळले. तो कारखान्यातच राहायला गेला. थोरला बायकोला म्हणाला, "कपाटात स्पीकर कोंडतो, हे त्या मेकॅनिकने त्याच्या कानावर घातलं असेल. नाकावर राग. येईल परत." तो आला नाही.

दुपारी आईने चित्रपट लावला. चित्रपटाच्या तबकडीत सहा वेगवेगळे आवाज असतात, आणि अॅम्प्लिफायरच्या हिशेबी मी अजून जागेवरच होतो. पात्रांचे सगळे बोलणे त्याने इमानाने माझ्या तारेत पाठवले. ती तार कपाटामागे हवेत लोंबकळत होती. आईला संगीत ऐकू आले. पावले ऐकू आली, दार आपटले ते ऐकू आले, पाऊससुद्धा ऐकू आला. माणसांचे ओठ हलत होते आणि त्यातून एक शब्दही बाहेर येत नव्हता.

तिने आवाज वाढवला. पावले मोठी झाली. मग तिने रिमोट हळूच मांडीवर ठेवला. मी कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होतो. डॉक्टर म्हणाला होता अगदी तसेच झाले होते.

ती कोणाला काही बोलली नाही. सकाळी उठून वाटीवर चमचा वाजवून बघायची. चमचा ऐकू येई. घरातली माणसे तिच्याशी आधीपासूनच तोंडासमोर येऊन ओरडून बोलत, त्यामुळे तिथे काही बदलले नव्हते. पण ते ती धरेना. हे लोक ओरडतात म्हणून कळते, असा तिने समज करून घेतला. मग तिने टीव्हीवर फडके टाकले, आणि थोरला बातम्या फोनवर बघू लागला. मधल्याचा फोन यायचा, पडद्यावर त्याचे नाव दिसायचे, ती बघत राहायची आणि उचलायची नाही. फोनवर चुकीचे काही ऐकू आले आणि भलतेच उत्तर गेले तर? सून उचलून म्हणायची, "भाऊजी, आई नको म्हणतात." तिकडून फोन आपटल्याचा आवाज यायचा. तो मला स्पष्ट ऐकू येई, कारण फोन माझ्याच शेजारी असायचा. तोवर सुनेने माझ्या डोक्यावर कुंडी आणून ठेवली होती. "नाहीतरी पडूनच आहे," ती म्हणाली. पाणी रोज घातले जाई, थोडे कुंडीला आणि थोडे मला.

घर थंड पडले. मधल्याला वाटे, आईसुद्धा त्यांना सामील. थोरल्याला वाटे, आई मधल्याची बाजू घेऊन अबोला धरून बसली आहे. तो जेवताना ताट सरकवायचा तेसुद्धा जोरात. सून म्हणे, "मी काय केलंय कोणाचं?"

एका सुट्टीच्या सकाळी मधला हातगाडी घेऊन दारात आला.

"आई, याला सांग, मी माझं कपाट न्यायला आलोय."

आईने आधी याच्या, मग त्याच्या ओठांकडे बघितले.

"आई, त्याला सांग, खुशाल ने म्हणावं. कोणी अडवलेलं नाही."

"मला काही सांगू नका," आई म्हणाली. "मला बोललेलं कळत नाही आता. कान गेले माझे."

मधल्याने हातगाडीचा दांडा सोडला. मग मधला भावाकडे वळला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो सरळ त्याच्याशी बोलला.

"कधी?"

"मला काय माहीत? तू गेल्यापासून ती तोंडच उघडत नाही. मला वाटलं तुझ्यासाठी रुसलीय."

"माझा फोन घेत नाही. मला वाटलं तू घेऊ देत नाहीस."

"मला दुसरे उद्योग नाहीत का, फोन अडवायला?"

"तुझा काय नेम? परक्या माणसाला घरात बसवून भावाला हाकलायचा बेत करणारा तू."

"कोणी केला बेत?"

"मधल्याचा पहिल्यापासून वैताग आहे. काढूनच टाकू. जागा मोकळी होईल. आईला सांगू नकोस." मधला एकेक शब्द मोजून टाकत होता. "शब्द तुझे आहेत, दादा. मी बोळात उभा होतो."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "अहो भाऊजी, स्पीकर."

"काय स्पीकर?"

"मधला स्पीकर. मेकॅनिक आला होता त्या दिवशी. त्याच्याबद्दल बोलले असतील हे. तो काय, कुंडीखाली."

"आता बरं सुचलं," मधला म्हणाला.

"अरे गाढवा, तुला काढायला मेकॅनिक कशाला बोलावू?" थोरला म्हणाला.

मधल्याचा विश्वास बसला नाही. भावाला खोट्यात पकडायचेच, या इराद्याने त्याने कपाट पुढे ओढले. मागे लोंबकळणारी तार त्याच्या हाताला लागली. त्यानेच सोललेली टोके रिकामी होती. मग उठला, कुंडी उचलून खाली ठेवली, मला टीव्हीखाली आणले आणि टोके माझ्या पाठीत खोचली. प्लेअरमध्ये आईची तबकडी तशीच होती. त्याने फडके काढले आणि बटण दाबले.

माझा कागद ओलीने सुजला होता. आवाज घोगरा आला, पण शब्द आले. चित्रपटातला माणूस म्हणाला, "मी उद्या निघतोय."

"हा कुठे निघाला?" आई म्हणाली. "याचं तर लग्न ठरलं होतं."

मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आले. तिने रिमोट घेऊन चित्रपट थांबवला आणि दोन्ही मुलांकडे आळीपाळीने बघितले. थोरल्याने चाचरत सांगितले, तार काढली होती, अॅम्प्लिफायरला कळवायचे राहिले; मधल्याने बोळात काय ऐकले ते सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले. मला वाटले ती रडेल. ती रडली नाही.

"मी रोज सकाळी चमचा वाजवून बघत होते," ती म्हणाली. "चमचा ऐकू येतोय आणि माणूस नाही. म्हटलं, झालं, संपलं. आणि तुम्ही दोघं? तू दाराआड उभा राहून अर्धं ऐकलंस. आत येऊन 'कुठला मधला' एवढं विचारायला तुझी जीभ झडली होती? आणि तू. आईला सांगू नकोस म्हणे. मी काय तुमचं टपालखातं आहे, जे तुम्हाला सोयीचं तेवढंच पोचवायला?"

"आई, मी त्याला..." थोरल्याने सुरुवात केली.

"त्याला सांग. मला नको. तो समोर उभा आहे."

मधला कपाट घेऊन गेला नाही. त्याने हातगाडीवरची करवत आणली आणि माझ्या कप्प्याची झडप कापून काढली, तोंडाशी एक फळी ठोकली, आणि मला त्या फळीवर पुढे बसवले. थोरला शेजारी उभा राहून "वाकडी कापतोयस" म्हणत होता. "तू काप मग," मधला म्हणत होता. तो राहायला मात्र परत आला नाही. कारखान्यातच राहतो, सुट्टीला जेवायला येतो, आणि भाऊ ताटावरच भांडतात. मधे कोणी नसते, त्यामुळे भांडण चांगले खणखणीत होते. आई दोघांनाही शिव्या घालते आणि अधूनमधून म्हणते, "काय म्हणालास? पुन्हा बोल." तिचे कान खरोखरच उतरत चालले आहेत. माझा आवाज दर काही महिन्यांनी थोडा चढवावा लागतो. एक दिवस माझीही मर्यादा येईल, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. माझ्यासारख्याला कोंदट कप्प्यात कोंबू नका. तोंड ऐकणाऱ्याकडे ठेवा. डोक्यावर कुंडी ठेवू नका. आणि काढायचाच असेल तर खुशाल काढा, त्याचे मला काही वाटणार नाही. पण काढले आहे हे सांगा. नाहीतर समोरचा बिचारा आपले सगळे बोलणे त्याच तारेत पाठवत राहतो, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणी नसते.